जुन्या गाडीचा ऐब

जुनी गाडी विकायला काढली की माणूस आधी ती धुऊन घेतो. पॉलिश मारतो, सीटना नवी कव्हरं घालतो, आरशाला सुगंधाची बाटली लटकवतो. डोळ्यांना जे दिसतं त्याची सगळी सोय करता येते. आवाजाची सोय करणं मात्र कठीण. म्हणून 2022 च्या सुरुवातीला आम्ही गाडी शोधायला निघालो तेव्हा उस्तादांनी पहिली ताकीद दिली, की डोळे घरी विसरलात तरी चालेल, कान तेवढे बरोबर घेऊन जा.

उस्ताद म्हणजे आमच्या चिपळूणचे गाड्यांचे मिस्त्री. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. गाडी अम्मींसाठी हवी होती. आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. चिपळूण ते कराड म्हणजे अख्खा कुंभार्ली घाट. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात, आणि दर खेपेला भाड्याची गाडी आम्हाला परवडेना. घरातली दुचाकी 2021 च्या पुरात गेली होती. हातात होते दोन लाख रुपये, त्यातले ऐंशी हजार भिशीचे आणि बाकीचे बांगड्यांचे. व्याजाचं कर्ज काढायचं नाही हे आमच्या घरात लग्नाच्या वेळीच ठरलेलं आहे. हे पाळणाऱ्या घरांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. गाडी फसली तर हप्त्यावर दुसरी घेण्याची वाट आपल्याला नसते. जे काय ओळखायचं ते पैसे देण्याआधी.

वर्गात उर्दू शिकवताना ‘ऐब’ हा शब्द आला की मुलं माणसाचेच ऐब सांगतात. कुणी खोटं बोलतो, कुणी चहाडी करतो. पण फिकहच्या किताबांत हा शब्द बाजारात उभा असतो. मालात ऐब निघाला आणि विकणाऱ्याने तो लपवला असेल तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क राहतो, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. धान्याच्या ढिगाचा किस्सा तर घराघरात माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. मालकाला विचारलं तर तो म्हणाला पावसाने भिजलं. मग ते भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं, आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही हेही सांगितलं. किस्सा आपण विकणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. आम्हाला त्या दिवसांत त्यातली दुसरी गोष्ट जास्त आठवायची, ती म्हणजे हात आत घालून बघितला होता.

गाडीच्या ढिगात हात घालायचा तर कानानेच. आणि कानाला जे ऐकू आलं ते सांगायला शब्द हवा. आम्ही पहिल्यांदा एका गाडीबद्दल उस्तादांना फोनवर सांगितलं, की गाडी छान आहे पण थोडा आवाज करते. ते म्हणाले, “आपा, पेशंट दुखतंय म्हणाला तर डॉक्टर काय देणार? कसला आवाज, कधी येतो, कुठून येतो आणि काय केलं की थांबतो, ही चार उत्तरं आणा.”

आम्ही गप्प झालो. वीस वर्षं मराठीच्या तासाला अनुकरणवाचक शब्द शिकवतो आहोत, उर्दूच्या तासाला इस्म-ए-सौत. पाखरांची किलबिल, पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम. परीक्षेला येतात ते एवढेच. पण टकटक, ठकठक, खडखड, खणखण, करकर, घरघर, कुईकुई हे शब्द आपल्या भाषेत उगीच नाहीत. कुणीतरी कधीतरी रहाट, जातं, बैलगाडीचा आस ऐकून ते बनवले आणि प्रत्येकाचा आजार वेगळा. उस्तादांनी आम्हाला यातल्या दोघांमधला फरक पहिल्या दिवशीच घोटून घेतला. इंजिनाच्या वरच्या भागातून हलकी, भरभर टकटक येते, शिलाई मशीन चालावं तशी. ती बहुधा टॅपेटची. तेल कमी असेल, टॅपेट सेट करायचे असतील, थोडक्या खर्चात भागतं. तोच आवाज खालून, जड आणि खोल ठकठक असा आला, आणि रेस दिली की वाढला, तर क्रँकच्या किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर शंका घ्यायची. म्हणजे इंजिन उघडायचं. ‘ट’ आणि ‘ठ’ मध्ये चाळीस हजारांचा फरक आहे असं ते म्हणाले. शुद्धलेखनाला इतकं महत्त्व आम्हीही कधी दिलं नव्हतं!

पहिली गाडी आम्ही संध्याकाळी बघायला गेलो. विकणारे गृहस्थ अंगणात तयारच उभे, किल्ली हातात. उस्तादांनी किल्ली घेतलीच नाही. आधी बोनेटवर तळहात ठेवला. बोनेट तापलेलं. “आत्ताच शेजाऱ्यांना स्टँडवर सोडून आलो,” गृहस्थ म्हणाले. उस्ताद बरं म्हणाले, चहा घेतला, आणि उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका अशी विनंती करून आम्हाला घेऊन निघाले. गरम इंजिनाचं तेल पातळ होऊन सगळीकडे पोचलेलं असतं, धातू फुगून फटी भरलेल्या असतात. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा सुरू होते त्या चार-पाच सेकंदांत ती जितकं सांगते तितकं नंतर तासभर फिरवूनही सांगत नाही. म्हणून गाडी बघायला जायचं ते फज्रनंतर, मालकाचा चहा व्हायच्या आत.

दुसऱ्या दिवशी गेलो. चावी फिरवली तशी साखळी पत्र्यावर आपटावी अशी खडखड झाली. एक-दोन सेकंद झाली आणि थांबली तर अनेक गाड्यांत ती चालून जाते, तेल वर चढेपर्यंतची असते. ही थांबेना. टायमिंग चेन सैल, उस्ताद पुटपुटले. मग त्यांनी पिशवीतून हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. डॉक्टरांच्या नळीचंच काम. एकेका जागी टोक ठेवून ते ऐकत होते आणि आमच्या ह्यांना हळूहळू रेस द्यायला सांगत होते. ठकठक आम्हालाही ऐकू आली, खालून, जड. शेवटी त्यांनी तेलाची पट्टी ओढून दोन बोटांत तेल चोळून पाहिलं. मधासारखं दाट. आवाज दाबायला नेहमीपेक्षा घट्ट तेल भरलेलं. मालकांना ते काही बोलले नाहीत. “गाडी आमच्या बजेटात बसत नाही,” एवढंच म्हणून सलाम केला. परतताना आम्ही विचारलं, त्यांच्या तोंडावर का नाही सांगितलं? ते म्हणाले, त्यांना ठाऊक नसतं तर तेल कशाला बदलतील?

पुढचे दोन महिने आमचा रविवार असाच गेला. प्रत्येक गाडीचं वर्णन करत नाही, पण कान तयार होत गेला आणि तो कसा, ते सांगायला हरकत नाही. रेडिओ आणि एसी बंद करून बसायचं, आधी काचा वर करून आणि मग खाली करून. शाळेच्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरायचं. पुढच्या चाकातून कटकटकट असं आलं तर एक्सलचा जॉइंट गेलेला. खाली वाकून रबरी बूट फाटलाय का ते बघायचं. गतिरोधकावरून जाताना खडखड आली तर लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट. रबर सुकलं असेल तर नुसती करकर. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लच दाबला आणि घरघर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, घरघर आधीपासून आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर दुखणं गिअरबॉक्सच्या आत असण्याची शक्यता, ते महाग. सुरू करताना किंचाळल्यासारखं होत असेल तर पट्टा. पट्ट्यावर चमचाभर पाणी टाकायचं. आवाज बदलला, क्षणभर थांबला, की चोर तोच.

एक युक्ती आम्हाला फार आवडली. लांब कंपाउंडच्या भिंतीला लगटून, काचा खाली करून, गाडी सावकाश न्यायची. रस्त्यावर जे आवाज हवेत विरून जातात ते भिंतीवर आपटून परत कानात येतात. शहरातल्या कब्रस्तानाची भिंत त्यासाठी सगळ्यात लांब आणि रस्ता शांत. तिथून दर रविवारी एक नवी गाडी मुंगीच्या चालीने जाताना पाहून लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे. आत असलेल्यांना सलाम करूनच आम्ही पुढे जायचो.

एक गाडी मात्र सविस्तर सांगायला हवी. एका मोठ्या शहरातल्या दलालाकडून आलेली, सहाच वर्षांची, रंग आरशासारखा, किंमत बाजारभावापेक्षा तीस हजारांनी कमी. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, घड्याळासारखं चाललं. आम्ही मनातल्या मनात अल्हम्दुलिल्लाह म्हणूनही टाकलं. महामार्गावर चाळिसाच्या पुढे गेलो आणि खालून भुंगा लागावा तसा घूंऽऽ सुरू झाला. वेग वाढला की चढतो, कमी केला की उतरतो. उस्तादांनी गाडी न्यूट्रल करायला सांगितली. आवाज तसाच, म्हणजे इंजिनाचा नव्हे, चाकांचा. टायरचाही असा आवाज येतो, पण तो डांबर बदललं की बदलतो, हा बदलेना. रस्ता मोकळा बघून ह्यांनी गाडी हलकेच डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकांवर जातो आणि उजवं बेअरिंग खराब असेल तर तेव्हा ओरडतं. ही गाडी दोन्हीकडे ओरडली. एखादं बेअरिंग कुणाचंही जातं. सहा वर्षांच्या गाडीची चारही जाऊ लागली तर कारण एकच असू शकतं, असं म्हणून उस्तादांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

त्यांनी सीटचा पट्टा ओढला. नेहमी आपण ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत. गुंडाळीत लपलेल्या भागावर एक मातकट रेघ होती, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. मग डिकीतलं जादा चाक उचललं. खोबणीत सुकलेला गाळ. सीटखालच्या बोल्टांना गंज. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य, म्हणजे नुकताच कधीतरी दावा केलेला असण्याची शक्यता.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या माळ्यावर अम्मींना धरून बसलो होतो. 2005 चा पूरही आम्ही पाहिला आहे. त्या चिखलाचा रंग आणि वास आम्हाला कुणी ओळखून द्यावा लागत नाही. ही गाडी कुठल्या पाण्यातून आली, इथल्या, महाडच्या की आणखी कुठल्या, ते कळायला मार्ग नव्हता. पुरातली गाडी घेऊच नये असं उस्ताद म्हणत नाहीत. उघडून, सुकवून, बेअरिंगं आणि वायरिंग बदलून ती चालवता येते, पण त्या हिशोबाने किंमत हवी आणि आधी सांगायला हवं. दलालाला विचारलं तर तो म्हणाला, गाडी कधी खड्ड्यातल्या पाण्यातूनसुद्धा गेलेली नाही. अम्मींना घेऊन कुंभार्लीच्या वळणावर या गाडीचं ब्रेकचं किंवा चाकाचं काही निघालं असतं तर, हा विचार आम्हाला त्या रात्री झोपू देईना. ह्यांनी दलालाला फोन करून स्पष्ट सांगितलं, की हे जर पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार नसाल तर आम्ही गावात सांगू. फोन कट झाला.

मग आली काकूंची गाडी. शेजारच्या तालुक्यात, आमच्या एका सहशिक्षकांच्या ओळखीतून. काकूंचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. निवृत्त सरकारी नोकर, गाडी जपणारे. नऊ वर्षांची पेट्रोल गाडी, 38,000 किलोमीटर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली. काकूंनी चहा ठेवला आणि आम्ही बसतो न बसतो तोच म्हणाल्या, “आधीच सांगते, आवाज येतो गाडीचा. दोन दलाल येऊन गेले, इंजिन उघडावं लागेल म्हणाले. नव्वद हजार देत होते. मला एक लाख दहा आले तरी पुरे. बघून घ्या, नंतर बोल नको.”

गाडी सुरू केली. सुरुवातीची टकटक सेकंदभराची, मग शांत. रेस दिली तशी एका ठरावीक वेगाला खणखणखण असा भयंकर आवाज झाला, डबा बडवल्यासारखा. काकूंनी कानावर हात ठेवले. आम्हीही घाबरलो. उस्तादांनी आणखी रेस दिली, आवाज गेला. कमी केली, पुन्हा त्याच जागी आला आणि गेला. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पोतं मागून घेतलं, गाडीखाली आडवे झाले, काठीने दोन-तीन ठिकाणी ठोकलं. मग चक्कर मारून येतो म्हणून आम्हाला घेऊन निघाले आणि दोन किलोमीटरवर वडाखाली गाडी थांबवली.

“आवाज पोटातला नाही, अंगरख्याचा आहे,” ते म्हणाले. सायलेन्सरचा पाइप तापतो, त्याच्या उष्णतेपासून बाकीच्या गाडीला वाचवायला एक पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याचा बोल्ट गंजून सुटला होता. एका ठरावीक कंपनाला पत्रा पाइपवर आपटायचा. इंजिनाचा ठोका भार पडला की वाढतो. हा चढावर गेलो तरी वाढला नाही. दुरुस्ती तीनशे रुपयांची. शिवाय क्लचचं बेअरिंग घरघरत होतं, बॅटरी मरायला टेकली होती, टायर उभ्या उभ्या म्हातारे झाले होते. सगळं धरून पंचवीस हजार. इंजिन उत्तम. अशा गाडीला आमच्या भागात तेव्हा पावणेदोन लाख सहज येत होते. खर्च वजा करून दीड लाख ही रास्त किंमत झाली असती, आणि काकू मागत होत्या एक लाख दहा.

“मी मिस्त्री,” उस्ताद म्हणाले. “गाडीचं सांगायचं काम माझं. बाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा.”

आम्ही काकूंना उद्या कळवतो म्हणालो आणि घरी आलो. चाळीस हजार रुपये. मुलगी त्या वर्षी दहावीला होती, पुढे सायन्सला जायचं म्हणत होती. अम्मींच्या एका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर मागे लागले होते. चाळीस हजार आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती आणि आजही नाही.

इशानंतर मामू आले, ह्यांचे मामा. आयुष्यभर आखाती देशांत नोकरी केलेले, व्यवहाराला चोख. त्यांचं म्हणणं साधं होतं. काकूंना कुणी फसवलेलं नाही. किंमत त्यांनी स्वतः सांगितली, आम्ही पाडलीसुद्धा नाही. दलालापेक्षा वीस हजार जास्तच मिळताहेत. उस्तादांना आणलं आम्ही, दोन महिने रविवार घालवले आम्ही. त्या ज्ञानाची किंमत आमची. घेणाऱ्याने विकणाऱ्याचा माल का वाखाणावा? या म्हणण्यात खोट काढणं सोपं नाही, आणि आमचे हे बराच वेळ त्यांच्याच बाजूने होते हेही लिहायला हवं. मशिदीतल्या मौलानांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, तुम्ही खोटं बोलला नाहीत, किंमत दोघांच्या राजीखुशीची, सौदा जायज होईल. एवढं म्हणून ते थांबले आणि मग म्हणाले, गावाबाहेर काफिला गाठण्याची मनाई का आहे तेवढं एकदा वाचा.

ते आम्हाला वाचायची गरज नव्हती, बीएडच्या आधीपासून पाठ होतं, पण गाडीशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. बाहेरगावचे व्यापारी माल घेऊन मदीनेला यायचे. काही हुशार लोक शहराच्या बाहेरच त्यांना गाठून माल उचलायचे. भाव दोघांच्या संमतीनेच ठरायचा, खोटं कुणी बोलायचं नाही. फक्त एकाला बाजारभाव ठाऊक आणि दुसऱ्याला नाही. प्रेषित (स.) यांनी याला मनाई केली आणि विकणारा बाजारात पोचल्यावर त्याला सौदा मोडायचा हक्क दिला. म्हणजे घेणाऱ्यालाही लगाम आहे. ह्यांना मग हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट आठवली. त्यांच्यासाठी 300 दिरहमला घोडा ठरवला गेला. त्यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, याची किंमत जास्त आहे, आणि स्वतःच वाढवत वाढवत 800 दिले. कारण प्रत्येक मुसलमानाचं भलं चिंतण्याची बैअत त्यांनी केली होती.

“प्रत्येक मुसलमानाचं,” मामू म्हणाले. “काकू कोण?”

अम्मी इतका वेळ तसबीह घेऊन पलंगावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काफिला अडवू नका म्हटलं तेव्हा काफिल्यात कोण कोण आहे ते आधी विचारा असं सांगितलं होतं का रे?” आणि थोड्या वेळाने, “तिने भिजलेले दाणे वर ठेवलेत. ते भिजलेलेसुद्धा नाहीत. त्या गाडीत मी बसणार आहे, मला बसवेल असं काहीतरी करा.”

मामू हसले. पटलं म्हणून नव्हे, बहिणीपुढे चालत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी उस्ताद एक क्लॅम्प आणि नवा बोल्ट घेऊन आले. काकूंच्या अंगणातच पत्रा आवळला, वीस मिनिटं लागली. गाडी सुरू करून रेस दिली. काही नाही. काकू पायरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, “पुन्हा करा.” पुन्हा केली. त्या जवळ आल्या, बोनेटला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “शेवटच्या महिन्यात हे हाच आवाज ऐकत होते. माझी गाडी गेली, असं म्हणायचे.” यावर आम्हाला काय बोलावं सुचलं नाही. ह्यांनी क्लच, बॅटरी, टायर यांचा खर्च कागदावर लिहून दिला, बाजारभाव सांगितला, आणि आमच्या हातात किती आहेत तेही. आता तुम्ही पुतण्याला विचारून ठरवा, दुसऱ्या कुणाला दिलीत तरी आमचं काही म्हणणं नाही, असं म्हणून आम्ही उठलो.

चार दिवस फोन आला नाही. ते चार दिवस अवघड गेले. मामू रोज विचारायचे. पाचव्या दिवशी पुतण्याचा फोन आला, एक लाख पासष्ट. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. ह्यांनी टायर काढून दाखवले, तो एक लाख पंचावन्नवर आला. काकूंनी त्यातलेही पाच हजार परत करू पाहिले. आम्ही घेतले नाहीत, नंतर वाटीभर आंबोशी मात्र घेतली.

कागदांचं एवढंच सांगतो: फॉर्म 29 आणि 30 वर सह्या सौद्याच्या दिवशीच घ्याव्यात, आधी गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला नाही ना ते आरसीवर आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर बघावं, आणि विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला कळवावं. यात आळस करू नये. दुरुस्तीला पंचवीसच्या जागी सत्तावीस हजार लागले, क्लचची प्लेटही बदलावी लागली. भिशीतले थोडे उरले ते मुलीच्या प्रवेशाला गेले. ऑपरेशन पुढे ढकललं, ते पुढच्या वर्षी झालं.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. कुंभार्ली चढताना अम्मी पुढच्या सीटवर बसतात, रेडिओ लावू देत नाहीत. हल्ली मागून डावीकडून खड्ड्यात चूं असा बारीक आवाज येतो, तो पहिल्यांदा त्यांनीच ऐकला. उस्ताद म्हणाले बुश सुकलंय, पाऊस संपला की बघू.